गावातल्या वर्कशॉपमध्ये बाईक टूरिंगसाठी तयार करताय? लाइट, कॅरिअर, वेल्डिंग आणि आरटीओचे नियम आधी समजून घ्या

नवरात्रात तुळजापूरहून ज्योत आणायला निघालेली मंडळाची पोरं, दिवाळीच्या सुट्टीत कोकण फिरायला निघालेले मित्र, लग्नानंतर जोडीने गणपतीपुळ्याला निघालेलं जोडपं. यातल्या बहुतेकांकडे महागडी ॲडव्हेंचर बाईक नसते. असते ती १०० ते १५० सीसीची गाडी. हीच गाडी सकाळी डेअरीला दूध घालते, दुपारी शेतात खताची गोणी नेते आणि संध्याकाळी तालुक्याला जाऊन येते.

मग लांबच्या प्रवासाआधी गाडीवर थोडं काम केलं जातं. कुणी जादा लाइट लावतं, कुणी मागे कॅरिअर ठोकून घेतं, कुणी हँडलवर मोबाइल चार्जर बसवतं. कंपनीची ॲक्सेसरी महाग पडते म्हणून काम गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे किंवा घरच्या ओट्यावर होतं. काम चोख झालं तर गाडी वर्षानुवर्षं साथ देते. पण एक फ्यूज राहिला किंवा एक नट ढिला राहिला, तर त्याची किंमत रात्रीच्या घाटात मोजावी लागते.

म्हणूनच यातलं कोणतं काम घरी करता येतं, कोणतं जाणकाराकडेच द्यावं, कुठे कायदा आडवा येतो आणि त्यामागचं तंत्र काय आहे, ते नीट पाहूया.

गावाला हे नवीन नाही

लांबच्या प्रवासाची बाईक म्हणजे जास्त सामान, जास्त वेळ आणि अनोळखी रस्ता. गावातल्या गाडीच्या वाट्याला यातल्या पहिल्या दोन गोष्टी रोजच येतात. दूधवाल्याच्या गाडीला दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे लोखंडी हूक असतात. भाजीवाल्याच्या गाडीला मागे क्रेट बसेल असा स्टँड असतो. हे सगळं कुणीतरी लोहाराने किंवा वेल्डरने माप घेऊन बनवलेलं असतं.

या डोक्याची दखल देशपातळीवरही घेतली गेली आहे. गुजरातमधल्या अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगानी यांनी बुलेटचं मागचं चाक काढून तिथे शेतीची अवजारं जोडली आणि 'बुलेट सांती' तयार केली. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने त्या कामाची नोंद घेतली.

आपल्याकडे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांपासून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ व्हायरल झाला. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कौतुक केलं, पण ही गाडी नियमांत बसत नसल्याने प्रशासन कधी ना कधी तिला अडवेल, हेही सांगितलं. त्या गाडीच्या बदल्यात त्यांनी लोहार यांना नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती देण्यात आली.

या गोष्टीत दोन्ही बाजू आहेत. हातात कसब असलं की वाहन बनतं, पण ते रस्त्यावर चालवायचं तर वेगळे नियम लागतात. बाईकवरच्या छोट्या कामालाही हेच लागू होतं.

जादा लाइट: आधी हिशेब, मग पाना

सगळ्यात जास्त मागणी जादा लाइटला असते. त्याचं कारणही खरं आहे. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडणीच्या हंगामात रात्री रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला असतो. छोट्या गाडीच्या हेडलाइटमध्ये अशी ट्रॉली उशिरा दिसते.

पण लाइट लावण्याआधी विजेचा हिशेब करावा लागतो. सूत्र शाळेतलंच आहे: वॅट भागिले व्होल्ट म्हणजे ॲम्पिअर. बाईकची बॅटरी १२ व्होल्टची असते. २० वॅटचे दोन एलईडी लाइट लावले तर ४० भागिले १२, म्हणजे साधारण ३.३ ॲम्पिअर करंट लागतो.

१०० ते १२५ सीसीच्या अनेक गाड्यांची बॅटरी ३ ते ५ ॲम्पिअर-अवरची असते. समजा ती ४ ची आहे. इंजिन बंद ठेवून हे दोन लाइट चालू ठेवले तर कागदावर ती तासाभरापेक्षा थोडी जास्त चालेल. प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच आधी सेल्फ मारायची ताकद संपलेली असते.

इंजिन चालू असताना गाडीचं चार्जिंग हा भार उचलतं, पण त्यालाही मर्यादा आहे. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत चालूच राहतो, त्यामुळे चार्जिंगवर आधीच कायमचा भार असतो.

आपल्या गाडीला किती झेपतं हे मल्टिमीटरने तपासता येतं. इलेक्ट्रिकच्या दुकानात स्वस्तातला मीटर मिळतो.

- गाडी काही तास बंद असताना बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ च्या आसपास असेल तर निम्मी उरली आहे.
- इंजिन चालू करून थोडा रेस दिल्यावर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत.
- आता जादा लाइट चालू करा. रेस दिलेला असतानाही आकडा १३ च्या खाली जात असेल, तर तेवढा भार त्या गाडीला झेपत नाही. कमी वॅटचे लाइट घ्या.

रिले कशासाठी लागतो?

घाईत केलेल्या कामात लाइटची वायर थेट हेडलाइटच्या किंवा हॉर्नच्या वायरला जोडली जाते. त्या वायरी कंपनीने ठरावीक भारासाठीच दिलेल्या असतात. जादा करंट गेला की वायर तापते, वरचं आवरण वितळतं आणि शॉर्ट होतं. ही वायरिंग पेट्रोलच्या टाकीखालून जाते, हे लक्षात घेतलं की धोका किती मोठा आहे ते कळतं.

यावर उपाय म्हणजे रिले. रिले हा विजेचा पहारेकरी समजा. हँडलवरच्या स्विचमधून अगदी थोडा करंट जातो, तो रिलेला इशारा करतो आणि लाइटला लागणारा मोठा करंट रिले थेट बॅटरीतून सोडतो. बाजारातल्या साध्या चार पिनच्या रिलेवर आकडे छापलेले असतात. त्यांची जोडणी अशी असते:

- ३० नंबर: बॅटरीच्या प्लसकडून, मध्ये फ्यूज घालून.
- ८७ नंबर: लाइटच्या प्लसला.
- ८६ नंबर: चावी चालू केल्यावरच वीज येणाऱ्या वायरीकडून, स्विचमार्गे.
- ८५ नंबर: अर्थिंगला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला.

लाइटची मायनस वायरही थेट बॅटरीच्या मायनसला नेलेली बरी. रंग लावलेल्या चासीवर अर्थिंग घेतलं तर पावसाळ्यात गंज चढून लाइट लुकलुकायला लागतो.

फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळ, जमेल तितका जवळ हवा. तो लाइटपाशी बसवला, तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची वायर उघडीच राहते आणि मध्ये कुठे घासून शॉर्ट झाली तर फ्यूज काही करू शकत नाही. वरच्या उदाहरणातल्या ३.३ ॲम्पिअरच्या भाराला ५ ॲम्पिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नका, चांदीच्या कागदाचा तर विचारही करू नका. आधी शॉर्ट शोधा.

मोटर पंपाची किंवा घराच्या वायरिंगची उरलेली एका तारेची वायर इथे वापरू नये. गाडीच्या थरथरीने ती आतून तुटते. बारीक तारांची ऑटो वायर घ्यावी. जोड नुसता पिळून टेप मारण्यापेक्षा सोल्डर करून किंवा कनेक्टर दाबून त्यावर हीटश्रिंक नळी चढवावी. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणली जात नाही ना, हेही पाहावं.

मोठा बल्ब घातला की काम झालं?

दुसरा लोकप्रिय मार्ग म्हणजे हेडलाइटचा बल्बच बदलणं. हॅलोजन असलेल्या अनेक दुचाकींत एचएस-१ प्रकारचा ३५/३५ वॅटचा बल्ब असतो. त्याच्या जागी चारचाकीचा ६०/५५ वॅटचा एच-४ बल्ब घातला जातो. उजेड वाढतो, पण उष्णताही वाढते. होल्डर पिवळा पडतो, प्लास्टिकचा रिफ्लेक्टर धुरकट होतो आणि काही महिन्यांनी उजेड आधीपेक्षा कमी होतो.

हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी बल्ब घातला तर वेगळीच अडचण येते. प्रकाश जिथून निघायला हवा त्याच बिंदूतून निघत नाही, म्हणून तो रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो. एकेरी रस्त्यावर समोरून येणाऱ्याला दोन सेकंद काही दिसलं नाही, तर तो आपल्याच अंगावर येऊ शकतो.

लाइटची दिशा तपासायची सोपी पद्धत आहे. गाडी सपाट जागी भिंतीसमोर साधारण पाच मीटरवर उभी करा आणि नेहमीचा माणूस सीटवर बसवा. जमिनीपासून हेडलाइटच्या मध्यापर्यंतची उंची भिंतीवर खडूने आखा. लो बीमची वरची कड या रेषेच्या थोडी खाली पडायला हवी. मागे सामान चढवल्यावर गाडीचं नाक वर उचललं जातं, म्हणून ही तपासणी सामान बांधूनच करावी.

कॅरिअर आणि सामान: वजन कुठे बसतं?

सामानाचा नियम सोपा आहे. जड वस्तू खाली आणि पुढे, हलक्या वस्तू वर. मागच्या कॅरिअरच्या टोकावर १५ किलोची बॅग ठेवली की ती मागच्या एक्सलच्याही मागे लोंबते. अशा वेळी पुढच्या चाकावरचा भार कमी होतो, हँडल हलकं लागतं आणि चढावर वळताना गाडी बाहेर जायला बघते. तेच वजन दोन्ही बाजूंच्या बॅगांत समान वाटलं तर गाडी नेहमीसारखी चालते. दूधवाल्याचे कॅन दोन्ही बाजूंना का असतात, त्याचं उत्तरही हेच.

बाजूची बॅग लावताना तिला आतून लोखंडी फ्रेम हवी. फ्रेम नसेल तर बॅग मागच्या चाकात किंवा चेनमध्ये ओढली जाऊ शकते. सायलेन्सरच्या बाजूला बॅग आणि सायलेन्सर यांच्यात अंतर आणि मध्ये पत्र्याची आड असावी. नायलॉनची बॅग सायलेन्सरला टेकली तर वितळून भोक पडतं.

बांधायला लवचिक हूकवाला दोर सगळेच वापरतात, पण तो खड्ड्यात ताणला जातो आणि हूक निसटून थेट चाकात जातो. न ताणणारा, बकल असलेला पट्टा जास्त भरवशाचा. गावात वापरली जाणारी जुन्या ट्यूबची पट्टी आजही उत्तम चालते. हीच पट्टी लेगगार्डच्या पाइपवर गुंडाळून त्यावर लाइटचा क्लॅम्प बसवला तर क्लॅम्प घसरत नाही आणि थरथरही कमी होते.

पेट्रोल प्लास्टिकच्या बाटलीत नेणं मात्र टाळावं. उन्हात वाफ धरून बाटली फुगते, झाकण गळतं आणि खाली गरम इंजिन असतं.

वेल्डिंग करताना या चुका महागात पडतात

कॅरिअर किंवा बॅगेची फ्रेम गावात बनवून घ्यायला हरकत नाही. साधी लोखंडी पट्टी आणि पाइप वाकवून चांगलं काम होतं. मात्र काही पथ्यं पाळायला हवीत.

पहिलं, फ्रेम गाडीवर ठेवून वेल्ड करू नका. मापापुरतं टाचण मारून ती उतरवा आणि पूर्ण वेल्डिंग गाडीपासून लांब करा. गाडीत पेट्रोल आहे. टाकी रिकामी असली तरी आतली वाफ पेट घेते आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षाही धोक्याची ठरू शकते.

दुसरं, टाचणासाठी का होईना, गाडीवर वेल्डिंग करावंच लागलं तर पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा आणि बॅटरीच्या दोन्ही वायरी आधी सोडवा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि दुचाकींत फ्यूएल इंजेक्शन सर्रास झालं. या गाड्यांत ईसीयू नावाचा छोटा संगणक असतो. वेल्डिंगचा करंट वायरिंगमध्ये शिरला तर तो जळू शकतो आणि त्याचा खर्च कॅरिअरच्या कितीतरी पट असतो. अर्थिंगचा चिमटाही वेल्डच्या अगदी जवळ लावावा. तो लांब लावला तर करंट बेअरिंगमधून जाऊन बेअरिंग खराब करतो.

तिसरं, गाडीच्या मूळ चासीला काहीही वेल्ड करू नका. वेल्डच्या शेजारच्या लोखंडाचा गुणधर्म उष्णतेने बदलतो आणि पुढे थरथरीने तिथेच तडा जातो. कंपनीने दिलेल्या बोल्टच्या जागा वापरा. ग्रॅब रेल, मागचा शॉकअब्सॉर्बर आणि मडगार्ड यांचे बोल्ट बहुतेक गाड्यांत कामी येतात. बोल्ट लांब घ्यावा लागला तर जाडी आणि आटे तेच ठेवा, ताकदीचा ग्रेडही मूळ बोल्टचाच हवा. सोबत नायलॉन लावलेला लॉकनट वापरा.

चौथं, जीआय पाइप वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर जस्ताचा असतो. त्याने ताप, थंडी आणि अंगदुखी होते. वरचा मुलामा घासून काढा आणि काम उघड्यावर करा.

हँडल, सीट आणि मोबाइल

पाठ दुखते म्हणून हँडल उंच करणारे राइझर लावले जातात. हँडल वर गेलं की क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल ताणल्या जातात. बसवल्यावर इंजिन सुरू करून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. इंजिनचा आवाज आपोआप वाढला तर केबल ताणली जातेय आणि वळणावर गाडी स्वतःहून रेस घेईल. डिस्क ब्रेकचा पाइप ताणला जात असेल तर ते काम घरी करू नका.

सीटचं काम मात्र गावात छान होतं. ट्रॅक्टरच्या सीटा शिवणारा कारागीर बाईकची सीटही करतो. फार मऊ फोम दहा मिनिटं बरा वाटतो, मग दबून पाटी लागते. दाट, थोडा कडक फोम लांबच्या प्रवासाला चांगला.

मोबाइलचा चार्जर चावी बंद केल्यावर बंद होईल अशा वायरीवरच जोडावा, नाहीतर तो रात्रभर बॅटरी पीत राहतो. मोबाइल होल्डरबद्दल एक गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. मोटारसायकलच्या जोरदार थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा खराब होऊ शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला होता. होल्डरला थरथर शोषणारं रबर असेल तर बरं.

लाइटपेक्षा महत्त्वाच्या तीन गोष्टी: चेन, टायर, फिल्टर

खर्च कमी, उपयोग जास्त अशी कामं शेवटी राहतात. चेन रॉकेलने पुसून कोरडी करावी आणि ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे लावावा. ओ-रिंगवाल्या चेनला पेट्रोल लावू नये, आतलं रबर खराब होतं. चेन किती ढिली हवी याचा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा चेनजवळच्या स्टिकरवर असतो. इंजिन गिअरमध्ये चालू ठेवून फिरती चेन फडक्याने पुसणं ही सगळ्यात वाईट सवय आहे. फडकं ओढलं जातं आणि सोबत बोटंही जातात. इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवा.

टायरची हवा गार टायरमध्ये मोजावी. डबलसीट आणि सामानासाठी मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो, तोही गाडीवर लिहिलेला असतो. ट्यूबलेस टायरचं पंक्चर दोरीच्या पट्टीने रस्त्याकडेलाच काढता येतं. ते एकदा गावच्या पंक्चरवाल्याकडे बसून शिकून घ्यावं. तारेच्या चाकात बहुधा ट्यूब असते, तिथे जादा ट्यूब आणि चाक काढायचे पाने सोबत हवेत.

धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर लवकर चोंदतो. स्पंजचा फिल्टर धुता येतो. तेल लावलेला चिकट कागदी फिल्टर हवा मारून साफ करायचा नसतो, तो बदलायचाच असतो.

कायदा नेमकं काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ इथे लागू होतं. कंपनीने दिलेल्या आणि आरसीमध्ये नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. वाहनाच्या रचनेत असा बदल, ज्याने त्याचं मूळ स्वरूप बदलतं, त्याला हे कलम 'आल्टरेशन' म्हणतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका घेतली आणि उच्च न्यायालयाचा आधीचा निकाल रद्द केला.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. त्यानुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मग कॅरिअर आणि बॅग चालते का? याबाबत २०२० मध्ये केंद्राने नियम स्पष्ट केले. मोटारसायकलवर लावायचा हलका डबा जास्तीत जास्त ५५० मिलिमीटर लांब, ५१० रुंद आणि ५०० उंच असावा. तो मागच्या सीटच्या जागी लावला तर मागे कुणाला बसवता येत नाही. सीटच्या मागे लावला तर बसवता येतं, पण एकूण वजन गाडीच्या मर्यादेत हवं.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा:

- नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी पकडायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारं संरक्षण आवश्यक आहे. बॅगेच्या फ्रेमसाठी साडीगार्ड काढून टाकणं नियमात बसत नाही.
- नियम १११ नुसार नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावता येत नाही. जादा लाइटवरून पोलीस अडवतात ते यामुळेही.
- वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न लावता येत नाही. सायलेन्सर पोकळ करणंही महागात पडतं.
- गाडीचा रंग आरसीवर असतो. तो बदलायचा तर आरटीओकडे नोंद करावी लागते.
- दिव्यांग व्यक्तीसाठी बाजूची चाकं लावली असतील तर तो बदल आरटीओकडून आरसीवर चढवून घ्यावा.

विम्याचाही विचार करा. नंतर लावलेली ॲक्सेसरी पॉलिसीत नोंदवली नसेल तर तिची भरपाई मिळत नाही. वायरिंग कापून केलेल्या कामामुळे आग लागली, तर वॉरंटी आणि क्लेम दोन्ही अडचणीत येतात. म्हणून कंपनीची वायर न कापता, रिलेसह वेगळी वायरिंग करणं सगळ्याच दृष्टीने फायद्याचं.

गावचा मेकॅनिकही बदलतोय

लांबच्या प्रवासात गाडी बंद पडते तेव्हा कंपनीचं सर्व्हिस सेंटर बहुधा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. जवळ असतो तो फाट्यावरचा मेकॅनिक. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत तो आवाजावरून दोष ओळखायचा. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत त्याला स्कॅनर लागतो, कंपनीची माहिती लागते आणि सुटे भाग लागतात. पण चेन, ब्रेक, केबल, पंक्चर, वायरिंग आणि फॅब्रिकेशन ही कामं अजूनही त्याच्याच हातची आहेत.

याच अडचणीसाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. शेती अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं या चार क्षेत्रांतल्या कंपन्यांची दुरुस्ती, सुटे भाग आणि वॉरंटीची माहिती एका जागी मिळावी, हा त्यामागचा उद्देश आहे.

निघण्याआधी काय तपासायचं?

नवं काम करून लगेच ४०० किलोमीटरला निघू नका. निदान आठवडाआधी काम पूर्ण करा, सगळं सामान बांधून ४०–५० किलोमीटर खराब रस्त्यावर फिरून या आणि मग हे बघा:

१. प्रत्येक नवीन नट-बोल्ट पुन्हा आवळा. पहिल्या फेरीत काही ना काही ढिलं होतंच. आवळल्यावर बोल्टवर रंगाची रेघ मारा, सरकला तर लगेच दिसतो.
२. फ्यूज, रिले आणि वायरीच्या जोडांना हात लावून पाहा. कुठे चटका बसत असेल तर तिथे दोष आहे.
३. बॅग, पट्टा किंवा वायर कुठे घासल्याच्या खुणा आहेत का ते पाहा.
४. ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि नंबर प्लेट सामानामागे झाकली गेली नाही ना, हे दुसऱ्याला मागे उभं करून तपासा.
५. सोबत जादा फ्यूज, क्लच केबल, प्लग आणि त्याचा पाना, चेनची लॉक, पक्कड, इन्शुलेशन टेप आणि थोडी बाइंडिंग वायर ठेवा.
६. कॅरिअर किंवा लाइटचं काम कुणी केलं त्याचा फोन नंबर सोबत असू द्या. कुठली वायर कुठे गेली आहे हे त्याला सगळ्यात चांगलं माहीत असतं. रात्री घाटात गाडी बंद पडली तर शेजारचा अनोळखी मेकॅनिक आणि तो यांचं फोनवर बोलणं करून दिलं, तरी अर्धं काम होतं.